टंचाईच्या दिवसांतले नागरिकशास्त्र

१८९६ साली मान्सूनने दगा दिला. त्या हिवाळ्यात पुण्याच्या सार्वजनिक सभेचे प्रचारक ठाणे, कुलाबा आणि देशावरच्या गावांतून फिरू लागले. पीक बुडाले होते आणि सरकारी सारा ठरल्या हप्त्याने भरायचा होता. भांडीकुंडी, बैल, प्रसंगी बियाणे विकून कुणबी तो भरतही होता. या प्रचारकांनी गावकऱ्यांना जमवून जे सांगितले त्यात बंडाचा शब्द नव्हता. सरकारने स्वतःच दुष्काळासाठी नियम करून ठेवले आहेत, पीक बुडाल्यास साऱ्यात सूट आणि तहकुबी मिळू शकते, काम मागणाऱ्याला काम देण्याची व्यवस्था त्यात आहे, एवढेच ते सांगत होते. त्या नियमांचा मराठी गोषवारा छापून वाटला जात होता. टिळक ‘केसरी’तून तेच लिहीत होते : नियमात बसत असेल तर सूट मागा, घरदार विकून सारा भरू नका.

सरकारला हे सहन झाले नाही. प्रचारकांवर खटले झाले आणि १८९७ च्या मार्चमध्ये मुंबई सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. सार्वजनिक धोरणाबद्दल सरकारला अर्ज करण्याचा या संस्थेचा अधिकार यापुढे मानला जाणार नाही, असे कळवण्यात आले. सरकारने केलेला कायदा सरकारच्याच रयतेला तिच्या भाषेत समजावून सांगणे, एवढाच हा गुन्हा होता.

आर्थिक अडचणीच्या काळातल्या नागरिकत्वाच्या आणि मानवी हक्कांच्या शिक्षणावरील या संग्रहाची प्रस्तावना मी या प्रसंगापासून सुरू करतो, कारण या विषयाचे सगळे मुख्य प्रश्न त्यात आधीच येऊन गेले आहेत. नियम कागदावर असणे आणि माणसाच्या पदरात पडणे यांत किती अंतर असते? ते अंतर कोण आणि कोणत्या भाषेत भरून काढतो? भुकेच्या दिवसांत माणूस शिकायला तयार असतो का? आणि त्याला शिकवणारा माणूस सत्तेला इतका का खुपतो?

‘आधी भाकरी, मग हक्कांच्या गप्पा’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. म्हणणाऱ्याचा हेतू बहुधा वाईट नसतो. अन्नावाचून माणूस राहू शकत नाही हे खरेच आहे. पण दीडशे वर्षांचा अनुभव पाहिला तर भाकरी आणि हक्क हे एकामागून एक आलेले दिसत नाहीत. दुष्काळी कामावरची मजुरी, रेशनचे धान्य, शाळेतला शिजवलेला आहार, यांतली प्रत्येक गोष्ट कोणीतरी आपला हक्क ओळखून मागितली म्हणून टिकली. जिथे मागणारे नव्हते तिथे ती कागदावर राहिली किंवा वाटेत गळाली. म्हणून टंचाईचा काळ हा हे शिक्षण पुढे ढकलण्याचा काळ नव्हे. ते सर्वांत खोल रुजते ते याच काळात, असे मला वाटते. या संग्रहातले सगळे लेखक माझ्याशी सहमत असतील असे नाही. त्यांचे मतभेद पुढे येतीलच.

आपल्याकडच्या या परंपरेचे मूळ सार्वजनिक सभेच्याही मागे जाते. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली शेतकरी-कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्या माणसाला शिकायचे तर शाळेने त्याच्या वेळेला यायला हवे, ही त्यातली समज साधी होती आणि आजही अनेक ‘प्रशिक्षण कार्यक्रमां’ना ती सुचत नाही. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला. १८७५ साली सुप्यात आणि आसपास सावकारांविरुद्ध दंगे उसळले, तेव्हा शेतकऱ्यांनी सर्वांत आधी हात घातला तो कर्जरोख्यांना. आपल्याला वाचता येत नाही अशा कागदाने आपली जमीन जाते, हे त्यांना पुरते कळले होते. ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये जोतीरावांनी कचेरीतला कारकून, कुळकर्णी आणि सावकार निरक्षर कुणब्याला कसे फिरवतात याचे जे बारकाईने वर्णन केले आहे, ते मी कायदेविषयक साक्षरतेचे मराठीतले पहिले मोठे पाठ्यपुस्तक मानतो. त्यात उपदेशापेक्षा व्यवहार जास्त आहे.

बाबासाहेब आंबेडकरांनी या परंपरेला दोन गोष्टी दिल्या. कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई त्यांचे शिक्षक होते आणि लोकशाही ही जगण्याची रीत आहे, ती सरावाने अंगी येते, हा विचार त्यांनी तिथून उचलला. पण सराव कुणी कुठे करायचा याचे उत्तर त्यांचे स्वतःचे होते. महाडचे तळे, १९३८ च्या जानेवारीत खोतीविरुद्ध मुंबईच्या कौन्सिल हॉलवर निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा, कामगारांच्या सभा, ही सगळी नागरिकत्वाची वर्गखोलीच होती. दुसरी गोष्ट म्हणजे २५ नोव्हेंबर १९४९ चा संविधान सभेतला इशारा : राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, असा अंतर्विरोध घेऊन आपण प्रजासत्ताकात पाऊल टाकत आहोत आणि तो दूर केला नाही तर लोकशाहीचा डोलारा टिकणार नाही. हा इशारा बाजूला ठेवून नागरिकशास्त्र शिकवले की मुलांच्या हाती राष्ट्रपतींच्या अधिकारांची यादी उरते.

जगात याच काळात काय चालले होते ते नवख्या वाचकाला माहीत असावे. अमेरिकेत महामंदीच्या ऐन भरात, १९३२ साली, टेनेसीच्या डोंगराळ भागात मायल्स हॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायलँडर नावाची लोकशाळा काढली. आधी खाणकामगार आणि गिरणी कामगार, पुढे नागरी हक्क चळवळीचे कार्यकर्ते तिथे शिकले. तिच्याच मदतीने १९५७ साली दक्षिण कॅरोलायनातल्या जॉन्स बेटावर पहिली ‘नागरिकत्व शाळा’ भरली, एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत. शिकवणाऱ्या बर्निस रॉबिन्सन व्यवसायाने केशभूषा करणाऱ्या होत्या. मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर वाचता आले पाहिजे अशी अट काळ्या लोकांना बाहेर ठेवण्यासाठी घातलेली होती. तिथे प्रौढ माणसे वाचायला शिकली ती त्या अटीला सामोरे जाण्यासाठी. १९६३ साली ब्राझीलच्या आंजिकोस गावात पाउलो फ्रेरे यांनी सुमारे तीनशे कष्टकऱ्यांना चाळीस तासांत अक्षरओळख करून देण्याचा प्रयोग केला. तिथेही निरक्षराला मताचा अधिकार नव्हता. पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता घेतली, फ्रेरे यांना तुरुंगात टाकले आणि नंतर देश सोडायला लावला. पुण्यापासून ब्राझीलपर्यंत सरकारांची प्रतिक्रिया कशी सारखी असते पाहा.

संयुक्त राष्ट्रांच्या वाटेने आलेला प्रवाह वेगळा आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात शिक्षणाचा हक्क आणि त्या शिक्षणाचा हेतू, दोन्ही सव्विसाव्या कलमात आहेत. याच जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ ऐवजी ‘सर्व माणसे’ असा बदल भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे झाला. १९९५ ते २००४ हे मानवी हक्क शिक्षणाचे दशक म्हणून पाळले गेले आणि २०११ साली आमसभेने मानवी हक्क शिक्षणाचा स्वतंत्र जाहीरनामा स्वीकारला. हक्कांविषयीचे शिक्षण, हक्क पाळून दिलेले शिक्षण आणि हक्क बजावण्यासाठीचे शिक्षण अशी त्यातली मांडणी आज सगळीकडे वापरली जाते. आपल्या १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यानेही हक्कांविषयीची साक्षरता पसरवणे हे राष्ट्रीय आयोगाचे एक काम ठरवले आहे. या प्रवाहाने मोठी भाषा दिली, आणि ती भाषा गरजेची आहे. पण ती बहुतेक वेळा वरून खाली येते, आणि गावात पोहोचेपर्यंत तिचे भित्तिपत्रक होते.

म्हणजे या क्षेत्रात ढोबळमानाने निरनिराळ्या वाटा आहेत. राज्यसंस्थेची रचना आणि कर्तव्ये शिकवणारे शालेय नागरिकशास्त्र. कायदा, अर्ज आणि अपील शिकवणारी कायदेविषयक साक्षरता. माणसाने आपल्या परिस्थितीकडे प्रश्न म्हणून पाहावे असे म्हणणारी फ्रेरेंची वाट. वैश्विक हक्कांची भाषा बोलणारी आंतरराष्ट्रीय वाट. आणि फुले-आंबेडकरांची, जिच्यात जातीचा प्रश्न वगळून नागरिकत्वाचा विचारच होत नाही. या वाटा एकमेकींवर टीका करतात आणि ती टीका बरीचशी खरी असते. नुसते अर्ज भरायला शिकलेला माणूस एका अर्जावर थांबतो. नुसती ‘जाणीवजागृती’ झालेला माणूस तहसीलच्या खिडकीपाशी जाऊन अडतो, कारण पोच घ्यायला त्याला कुणी शिकवलेले नसते. माझा कल कुठे आहे ते लपवत नाही : जिथे कागद आणि संघटन एकत्र शिकवले गेले तिथेच काही टिकले.

याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा दाखला रोजगार हमीचा, आणि त्यावर थोडे थांबायला हवे. वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात कामाच्या हमीचा प्रयोग सुरू केला. १९७२ चा दुष्काळ आला आणि १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणे, नालाबांध, पाझर तलाव, सुकडी आणि परदेशी मिलो यांच्या आठवणी त्या पिढीकडून आपण ऐकल्या आहेत. त्या आठवणींत एक गोष्ट कमी वेळा सांगितली जाते. इतकी माणसे, त्यात निम्म्याच्या आसपास बाया, पहिल्यांदाच गावच्या वाड्याबाहेर, जातीच्या वस्तीबाहेर, एका कामावर एकत्र आली. मस्टरवर आपले नाव आहे का, मुकादम मोजमाप बरोबर घेतो का, शेजारच्या टोळीला किती मजुरी पडली, याची चर्चा तिथे रोज होत असे. मोर्चे आणि घेराव तिथूनच निघाले. त्याच वर्षांत मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका थाळ्या-लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर येत होत्या, आणि शहाद्याच्या परिसरात अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या भिल्ल कार्यकर्त्यासह उभी राहिलेली श्रमिक संघटना शिबिरे घेत होती. त्या शिबिरांत किमान वेतन, गहाण पडलेल्या जमिनी, दारू आणि मारहाण हे सगळे विषय एकाच बैठकीत येत.

१९७७ साली रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने एकमताने केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. कामावर पिण्याचे पाणी आणि पाळणाघर. भत्ता दिवसाला किमान एक रुपया, म्हणजे नावापुरताच. पण तो मागितला की काम दिले नाही हे सरकारला लेखी मान्य करावे लागे, आणि संघटनांनी त्या एका रुपयाची ताकद नेमकी ओळखली होती. नवे काम काढायला किमान पन्नास मजुरांची मागणी लागे. ही अट अडवणुकीसाठी वापरली गेली हे खरे आहे. पण तिच्यामुळेच एकट्याने मागून चालत नाही हेही लोक शिकले. पन्नास जण जमवायचे म्हणजे महारवाड्यात, मातंगवस्तीत, मराठ्यांच्या आळीत आणि पारध्यांच्या पालावर जावे लागे. माझ्या समजुतीप्रमाणे महाराष्ट्रात नागरिकत्वाचे इतके मोठे वर्ग दुसऱ्या कोणत्या योजनेने भरवले नाहीत. आणि जिथे संघटना नव्हती तिथे त्याच योजनेत खोटी मस्टर भरली गेली, हेही तितकेच नोंदवायला हवे.

पुढचा धागा राजस्थानचा. मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरात कोटकिराना गावात पहिली जनसुनावणी घेतली. दुष्काळी कामांची मस्टर गावासमोर मोठ्याने वाचली गेली तेव्हा मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी निघाल्याचे लोकांनीच सांगितले. १९९६ साली ब्यावरला चाळीस दिवस धरणे झाले, आणि माहितीच्या अधिकाराची मागणी तिथून देशभर गेली. महाराष्ट्राने आपला कायदा २००२ साली केला, केंद्राचा २००५ साली आला आणि त्याच वर्षी ग्रामीण रोजगार हमीचा राष्ट्रीय कायदाही झाला. माहितीचा अधिकार ही शहरी सुशिक्षितांची चैन आहे असे मानणाऱ्यांनी हे आवर्जून पाहावे, की तो दुष्काळी कामाच्या मजुरीतून जन्मला.

न्यायालयांतही असाच प्रवास झाला. १८७७ साली रिचर्ड टेम्पल या इंग्रज अधिकाऱ्याने दुष्काळी मजुरांची रोजी एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली होती आणि मुंबई इलाख्यात मजुरांनी त्याविरुद्ध कामे सोडली होती. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने संजित रॉय यांच्या खटल्यात सांगितले की दुष्काळी काम म्हणून किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देता येणार नाही. ती वेठबिगारी ठरेल. नोव्हेंबर २००१ मध्ये अन्नाच्या हक्काच्या खटल्यात न्यायालयाने रेशन, शालेय आहार अशा योजनांना हक्काचे रूप दिले. त्या आदेशात आणखी एक कलम होते आणि त्याकडे फार कमी जणांचे लक्ष जाते : हा आदेश राज्यांच्या भाषांत भाषांतरित करून ग्रामपंचायती, शाळा आणि रेशन दुकानांवर ठळकपणे लावावा. ज्या कामासाठी १८९७ साली सार्वजनिक सभेची मान्यता गेली, ते काम आता सरकारची जबाबदारी ठरले. किती गावांत तो फलक लागला, हे वाचकाने आपल्या गावच्या रेशन दुकानावर जाऊन पाहावे.

टंचाईच्या काळात दुसरेही एक शिक्षण चालू असते आणि ते फार वेगाने पसरते. मे २०१० मध्ये युरोप परिषदेने लोकशाही नागरिकत्वाच्या शिक्षणाची सनद स्वीकारली, त्याच महिन्यात ग्रीसने पहिले मोठे बचाव-कर्ज घेतले. दोन वर्षांत ‘गोल्डन डॉन’ हा नव-नाझी पक्ष ग्रीक संसदेत पोहोचला. हा पक्ष अथेन्समध्ये ‘फक्त ग्रीकांसाठी’ अन्नवाटप करत असे. रांगेत उभ्या माणसाला त्यातून नागरिकत्वाचा धडाच मिळत होता : तुझी भूक शेजारच्या परदेशी माणसामुळे आहे. आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. नोकऱ्या आटल्या की ‘आपले’ आणि ‘बाहेरचे’ हा वाद मुंबईने १९६० च्या दशकापासून अनेकदा पाहिला आहे, आणि गावात दुष्काळ पडला की कोणत्या वस्तीच्या पाण्यावर आधी गदा येते हेही आपल्याला ठाऊक आहे. हक्कांचे शिक्षण कुणी दिले नाही तर ती जागा रिकामी राहत नाही.

हा संग्रह आत्ताच का, याचे उत्तर बरेचसे २०२० च्या उन्हाळ्यात आहे. टाळेबंदीत चालत निघालेल्या मजुरांपैकी १६ जण ८ मे रोजी करमाडजवळ रेल्वे रुळांवर मालगाडीखाली गेले. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठीचा कायदा १९७९ पासून होता. बांधकाम मजुरांच्या मंडळांकडे उपकराचा पैसा साठलेला होता. कायदा होता, निधी होता, पण मजुरांच्या नोंदी अपुऱ्या होत्या आणि जिथे नोंद होती तिथेही बहुतेकांना ती माहीत नव्हती. तेव्हापासून आणखी एक बदल वेगाने झाला आहे. रेशनला अंगठा, मजुरीला आधारशी जोडलेले खाते, हजेरीला मोबाईलवरचा फोटो. पूर्वी मस्टर फाडणारा मुकादम समोर दिसे, त्याच्याशी भांडता येई. आता ‘सर्व्हर डाउन’ आहे, ‘केवायसी झाली नाही’, ‘नाव पोर्टलवर दिसत नाही’ हे सांगणाऱ्या माणसाच्या हातातही काही नसते. निर्णय कुठे झाला हेच कळत नाही तिथे दाद कुणाकडे मागायची? जुन्या शिबिरांच्या अभ्यासक्रमात हा प्रश्न नव्हता. नव्या शिक्षणाला तो पहिल्या दिवशी घ्यावा लागेल.

मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांकडे पाहिले की या क्षेत्राच्या मर्यादाही दिसतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, ती फिटेपर्यंत न संपणारा हंगाम. बाई कोयत्याची अर्धी असते, हिशोबात मात्र तिचे नाव नसते. त्यांना हक्क शिकवायचे ते कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात, कोणासमोर? मालक कोण, कारखाना की मुकादम, हेच कायद्याने दीर्घकाळ नीट ठरवलेले नाही. अशा ठिकाणी ‘लोकांमध्ये जागृती नाही’ हे वाक्य अन्यायाचे आहे. या वाक्याला माझा जुना आक्षेप आहे. यंत्रणा आपले काम करत नाही, याचा दोष ते गरिबाच्या अज्ञानावर ढकलते. हक्कांचे शिक्षण जितके कामगाराला हवे तितकेच ग्रामसेवकाला, पुरवठा निरीक्षकाला, पोलीस ठाण्यातल्या हवालदाराला हवे, आणि या संग्रहात त्या बाजूने लिहिलेले लेख मुद्दाम घेतले आहेत.

शाळेबद्दल थोडक्यात. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर केंद्राच्या पाठ्यपुस्तकांत नागरिकशास्त्राची जागा ‘सामाजिक आणि राजकीय जीवन’ या विषयाने घेतली आणि रस्त्यावरचा भाजीवाला, वस्तीतले पाणी, बायकांचे काम धड्यात आले. महाराष्ट्रात २०२० पासून शाळांत संविधानाची उद्देशिका वाचली जाते. हे चांगलेच आहे. पण ज्या वर्गात आहाराचा तांदूळ कमी आला तर विचारायचे कुणाला हे मुलांना माहीत नाही, त्या वर्गात उद्देशिका पाठ होते आणि तिथेच थांबते.

संग्रहाची मांडणी काळाच्या क्रमाने केलेली नाही. दुष्काळ, गिरण्यांचा संप आणि बंद पडणे, टाळेबंदी, कर्जबाजारी हंगाम अशा अडचणींच्या प्रसंगांभोवती लेख एकत्र आणले आहेत, कारण शिकणे प्रसंगातूनच सुरू होते. त्यात अभ्यासकांचे लेखन आहे तसेच शिबिरे घेतलेल्या कार्यकर्त्यांची टिपणे आहेत. काही टिपणांची भाषा ओबडधोबड आहे आणि ती आम्ही तशीच ठेवली. अपयशाच्या नोंदीही वगळलेल्या नाहीत. सर्वंकष इतिहासाचा दावा या पुस्तकाचा नाही. गोव्यातल्या खाणबंदीनंतरच्या काळाचा आणि शहरांत ॲपवर काम करणाऱ्या तरुणांचा विचार इथे अपुरा आहे, आणि तो कुणीतरी लवकर पूर्ण करावा.

संपादनाच्या बैठकांत एका प्रश्नावर शेवटपर्यंत एकमत झाले नाही. शिबिराला येणाऱ्या मजुराचा त्या दिवसाचा रोज बुडतो, बाईचा तर रोज बुडून वर घरी बोलणी बसतात. ती भरपाई कोणी द्यायची? संघटनेने दिली तर पैशासाठी आले म्हणतात, सरकारने दिली तर सरकारला हवे तेच शिकवले जाते, आणि कोणीच दिली नाही तर सर्वांत गरीब माणूस येतच नाही. काहींनी कामावरच्या जेवणाच्या सुट्टीत वर्ग घेतले, काहींनी अमावास्येची सुट्टी धरली, काहींनी रोजगार हमीच्या मजुरीत शिकण्याचे तास धरावेत अशी लेखी मागणी केली. या प्रयोगांचे अनुभव चौथ्या भागात आहेत. कार्यकर्त्यांनी पुस्तक तिथूनच उघडले तरी चालेल.